अठ्ठ्याहत्तरावा दिवस

हौसा गोताड दारात येऊन उभी राहिली तेव्हा गंगाराम भाटकर बांगड्यांची डोकी उडवत बसला होता.

मांडवीतल्या त्या दोन खोल्या. पुढची म्हणजे रावजी कीरचं ऑफिस, मागची म्हणजे गंगारामचं स्वयंपाकघर, आणि मधे एक पडदा. रावजीनं बावीस वर्षं कोर्टात बेलिफाची नोकरी केलेली. समन्स घेऊन तालुक्यातली वाडी न् वाडी पायाखाली घातलेली. नोकरी सोडल्यावर लोकांच्या खाजगी चौकश्या करायला लागला. गंगाराम बोटीवर भंडारी होता, पंधरा वर्षं खलाशांना जेवण घातलं. गुडघे गेले तसा किनाऱ्याला लागला तो रावजीकडेच. डोक्यानं जरा जड. हे दुसरं कोणी सांगायच्या आधी तो स्वतःच सांगायचा.

"रावजीदादा तुमीच काय?" बाईनं विचारलं. डोळे रडून सुजलेले, पण आवाज कोरडा. "माझ्या घोवाला धरून नेलान. खून केलान म्हणत्यात. दादा, तो कोंबडी कापताना तोंड फिरवतो."

"बस आधी," रावजी म्हणाला. "गंग्या, पाणी दे बाईला. हात धुऊन दे."

पाणी पिऊन ती बोलली. नवरा रघू विद्यापीठात शिपाई. टेकडीवरचं ते अपरांत विद्यापीठ, सहा वर्षांपूर्वी निघालेलं. तिथं सखाराम नाटेकर म्हणून हेडक्लार्क होते. वर्षाचं वेळापत्रक त्यांच्या हातचं. कॉलेज कधी उघडायचं, परीक्षा कधी, गणपतीची सुटी किती, दिवाळीची किती, शिमग्याला काय, सगळं तेच मांडायचे. परवा पुनवेला विद्यापीठ दुपारी बारालाच बंद झालं. नाटेकर मात्र काम उरकायला परत गेले. काल सकाळी खोलीत मेलेले सापडले. डोक्यात मागनं घाव. घातला तो सायक्लोस्टाईल मशीनच्या लोखंडी दांड्यानं.

"आणि दांड्यावर रघूच्या हाताचे ठसे," रावजी म्हणाला.

"सहा वर्षं तोच दांडा फिरवतो ना दादा! मग कोनाचे असनार?" हौसाचा आवाज आता फुटला. "उद्या नाय, परवा कोर्टात उभा करनार त्याला."

रावजीनं टोपी घेतली. एकदा कागद कोर्टात चढला की तो खाली उतरवायला माणसाची उमेद सरते, हे त्याच्याएवढं कोणाला ठाऊक असणार.

"बांगडे झाकून ठेव, गंग्या."

"मांजर आहे."

"मग मांजराला सांग."

*

फौजदार माने सोलापूरकडचे, रत्नागिरीत येऊन सात महिने झालेले. माणूस वाईट नव्हता, पण उकाड्यानं आणि कामानं पिचलेला.

"कीर, सरळ केस आहे," ते म्हणाले. "चार वाजता या रघूनं खोली उघडून दिली. दोघांचं भांडण झालं, गेटवरच्या वॉचमननं ऐकलं. साडेचारला हा गेटमधून बाहेर पडला. त्यानंतर सकाळपर्यंत गेटमधून कोणी आत नाही, कोणी बाहेर नाही. डॉक्टर म्हणतात, मरण दिवेलागणीच्या आतलं."

"आवारात राहणारं कोण?"

"दोघं. मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर विमला साळवी, त्या खोलीतच होत्या म्हणतात. दुसरे इमारत खात्याचे अधिकारी हरिश्चंद्र घाग. त्यांची पाच दिवसांची रजा होती, शिमग्याला गावी गेलेले. मी शब्दावर नाही राहिलो. हवालदार पाठवला वेळकोंडला. सात माणसांनी सांगितलं, साहेब होमाला, म्हणजे तुमच्या होळीला होते, पालखी नाचवली. झालं?"

"नाटेकरांच्या खिशात काय होतं?"

मान्यांनी एक चिठोरं पुढं सरकवलं. बारीक, नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: '७८ — ७७. चूक माझीच. आज विचारणे.'

"असेल कसला तरी हिशेब," माने म्हणाले.

रघू कोठडीत गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. तिशीचा, काटकुळा. रावजीला बघून उठला नाही.

"भांडलास कशावरून?"

"रजेवरून. आमचा शिमगा पुनवेचा. तीन दिवस मागितले, एक पन दिला नाय. म्हनाले, मीटिंगच्या आधी वेळापत्रक छापून हवा, तू गेलास तर मशीन कोन फिरवनार. मी बोललो..." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "बोललो, तुमी सगळ्यांचा शिमगा मांडता नि माझाच खाता. ह्याच शब्दावर निघालो मी."

"ते काय म्हणाले?"

"रागावले नाय. बोटांची पेरं मोजत होते. म्हनाले, 'रघू, माझा एक दिवस हरवलाय रे कुठं तरी. तो मिळू दे, मग बोलू. आता पळ, होम तरी गाठ.'"

"गाठलास?"

रघूनं मान खाली घातली. "हातखंब्याला उतरलो. राग डोक्यात होता. तिथंच प्यालो. गावात होम पेटला तेव्हा मी यष्टीच्या शेडमागं पडलेलो. बघितला असंल तर कुत्र्यांनी."

बाहेर आल्यावर गंगाराम म्हणाला, "एकाला सात साक्षीदार, नि एकाला कुत्रं. रावजी, हे काय खरं दिसत नाही."

"साक्षीदार खोटं बोलले असं वाटतं तुला?"

"सात माणसं? देवाच्या पालखीवरून? छ्या."

"मलाही नाही वाटत," रावजी म्हणाला आणि चालायला लागला.

*

नाटेकरांची खोली दहा बाय दहाची. टेबल, कपाट, कोपऱ्यात दांडा नसलेलं मशीन. फरशी धुतलेली, तरी सांध्यांत काळं राहिलेलं. टेबलावरचे कागद मान्यांनी नेले होते. शाईचा वास अजून होता.

रावजी कपाटाशी गेला. फायली वर्षावार लावलेल्या. मधली एक जागा रिकामी. "चालू वर्षाची फाईल नाही."

"पोलिसांनी नेली असेल."

"मान्यांची यादी वाचली मी. तिच्यात नाही."

रावजीनं दार ओढून लावलं, आणि दाराआड भिंतीवर खिळ्यानं ठोकलेला एक तक्ता उघडा पडला. दार उघडं असलं की तो दिसायचाच नाही. वर लिहिलं होतं, 'शिमगा — कोणाचा कधी'. खाली दोन रकाने.

गंगाराम खुशीत आला. बोटीवर असताना शिमग्याला त्याचा जीव सगळ्यात जास्त तळमळायचा. तो बोट फिरवत वाचायला लागला. "तेरस: आंबेकोंड, धामणवाडी, वेळकोंड, सडेवाडी... पुनव: गोताडवाडी, मांडवी... आपण पुनवेचे बघ! बरोबर लिहिलंय. केवढा उद्योग केलाय माणसानं."

"त्याला कारण आहे," रावजी म्हणाला. "परीक्षा पुनवेला टाळली तरी तेरसेला येते, मग अर्धी पोरं गैरहजर. चल, बोर्ड बघू."

व्हरांड्यात काचेच्या पेटीत नोटिसा लावलेल्या. गेला पावसाळा सगळ्या कागदांवर उमटला होता. कडा तपकिरी, मधे ओलीचे ढग. एकच कागद कोरा-करकरीत होता, चालू वर्षाचं वेळापत्रक.

"मोठ्यानं वाच. वसतिगृहाचं."

"वसतिगृह सुरू, वीस जून," गंगारामनं वाचलं. "गणपतीच्या सुटीसाठी बंद, चार सप्टेंबर सायंकाळी. वसतिगृहाचे दिवस, अठ्ठ्याहत्तर... रावजी, अठ्ठ्याहत्तर! चिठ्ठीतला आकडा!"

"हं," रावजी म्हणाला, आणि पुढं काही बोललाच नाही. गंगारामला याचा फार राग यायचा.

*

विमला साळवी चाळिशीच्या. दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हणाल्या नाहीत. मुली सुटीला गेलेल्या, वसतिगृह ओसाड.

"मी काही ऐकलं नाही. काही बघितलं नाही. डोकं दुखत होतं, पडून होते. गेटवरून कोणी आलं नाही असं वॉचमन म्हणतोच आहे. घागसाहेब तर गावाला होते."

"बरं," रावजी म्हणाला. "मागच्या अंगाला काय झालंय?"

वसतिगृहामागं टेकडी उतरते. तिथं चिऱ्यांचा बांध होता, मधोमध मोठं खिंडार पडलेलं. ढासळलेले चिरे बाजूला रचून ठेवलेले. खिंडारातून एक पायवाट थेट खालच्या रस्त्याला जात होती. पलीकडे नळ, नळाशी धुण्याचा दगड, आणि दगडावर कोणी तरी ठेवलेली सुकलेली अबोली.

"गेल्या सप्टेंबरात पाच तारखेला पडला," विमलाताई म्हणाल्या. "सकाळी सातला. आमची एक मुलगी कपडे धूत होती. राही. शेतकऱ्याची मुलगी, तिच्या गावातून पहिलीच कॉलेजात आलेली." मग पाठ केलेलं म्हणावं तसं त्या बोलल्या, "सुटी लागली होती. वसतिगृह आदल्या संध्याकाळी बंद झालं होतं. ती परवानगीशिवाय राहिली. जबाबदारी तिची होती."

"चौकशी झाली?"

"शिमग्यानंतर बसणार आहे समिती."

"अबोली कोण ठेवतं तिथं?"

विमलाताईंनी दार लावून घेतलं.

*

नाटेकरांच्या घरी ओटीवर चार बायका बसलेल्या. मथुराबाई आत भिंतीला टेकून. कपाळ पुसलेलं. रावजीचं नाव ऐकून त्या म्हणाल्या, "रघूला सोडवायला आलात ना? सोडवा. दर चतुर्थीला माझ्या पानावर जेवलाय तो. ह्यांनी त्याला रजा दिली नाही म्हणून स्वतःच दोन दिवस जेवले नाहीत धड."

"वहिनी, गेल्या आठ दिवसांत कसल्या काळजीत होते?"

"नवं वेळापत्रक करताना जुनं समोर ठेवायचे. म्हणाले, माझ्या हातून एक दिवस चुकलाय, आणि तो दिवस साधा नाही. मी म्हटलं, एका दिवसानं काय होतंय? तर म्हणाले, मथुरा, लोक माझ्या कागदावर बघून पोरी आणायला येतात." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "माणसाची झोप गेली होती. आपलीच चूक समजत होते."

"घरी काही कागद ठेवायचे?"

"घरी कुठला कागद टिकतोय? जास्तीच्या प्रती आणायचे त्या मी डब्यांना घालते तळाशी."

रावजी उठला, फळीकडे गेला, आणि एकेक डबा उघडून आत नाक खुपसायला लागला. पोह्यांचा, तांदळाचा, मग आमसुलांचा. आमसुलांचा डबा त्यानं सरळ परातीत उलटा केला. गंगाराम लाजेनं अर्धा झाला. मयताच्या घरात आमसुलं!

"वहिनी, हा तळाचा कागद घेऊ?"

"घ्या," मथुराबाई म्हणाल्या. "डाग पडलेत त्याला."

"असू देत."

*

घागसाहेब आदल्या दिवशी संध्याकाळी परतले होते. पन्नाशीचा भारदस्त माणूस, कानामागं अजून गुलाल.

"या या. नाटेकर गेला, फार वाईट झालं. देवमाणूस. पण शिपायांना फार सैल सोडायचा. त्याचंच फळ."

"तुम्हाला कधी कळलं?"

"गावाला हवालदार आला तेव्हा. होमाच्या आनंदात होतो आम्ही. पालखी खांद्यावर घेऊन तासभर नाचलो, हा खांदा बघा, अजून उचलत नाही. आमच्या देवीचा होम म्हणजे..." ते गंगारामकडे वळले. "तुम्ही कुठले?"

"मांडवीचा, साहेब."

"मग तुम्हाला काय सांगायचं!"

गंगारामला माणूस आवडला. वाटेत त्यानं तसं सांगितलंही.

"मलाही आवडला," रावजी म्हणाला. "चहाला दूध चांगलं होतं. उद्या पहाटेच्या यष्टीनं वेळकोंडला जाऊ."

*

वेळकोंडला पोचले तर पालखी खालच्या वाडीत होती. ढोल, ताशे, अंगणं सारवलेली, घराघरापुढं रांगोळी. मानाचा म्हातारा पुढं चालत होता. रावजीनं त्याला ओळखलं, म्हाताऱ्यानं रावजीला.

"बेलिफ! कोनावर समन्स?"

"कोणावर नाही, आबा. दर्शनाला आलो. घागसाहेब होते ना यंदा होमाला?"

"होते तर! पोलीसपन इचारून गेला. होमाला होते, पालखीसंगती नाचले, खोटा कशाला सांगू?" म्हातारा घाम पुसत हसला. "पन मोठी मानसं, आरंभशूर. होमानंतर दोन दिसांनी पालखी वरच्या वाडीत त्यांच्या दारात गेली तवा घरात नव्हते. ओटी चुलतीनं भरलान. दुसऱ्या दिशी आले तोंड दाखवायला."

"दमलात, आबा."

"दमनार नाय तं काय! होम झाल्यापासून आज पाच दिस पालखी घरोघर फिरत्येय. अजून दोन वाड्या हायेत."

गंगारामनं कपाळाला गुलाल लावून घेतला, नारळाचा प्रसाद खाल्ला, आणि परतीच्या यष्टीत उसासा टाकला. "फुकट फेरी झाली. घाग होमाला होता हे आठव्यानं सांगितलं. उद्या रघूला कोर्टात नेणार."

"गंग्या, मांडवीचा होम कधी झाला?"

"पुनवेला. आज तीन दिवस झाले."

"हं," रावजी म्हणाला आणि खिडकीला डोकं टेकून झोपला.

यष्टी हातखंब्याला आली तेव्हा गंगाराम एकदम ताठ बसला. रावजीला हलवून उठवलं. बोटांवर तीन नि पाच मोजून दाखवायला लागला.

"पोचलास?" रावजीनं डोळे न उघडता विचारलं. "बरं झालं. आता घरापर्यंत कोणाशी बोलू नकोस."

*

कोर्ट अकराला. नऊ वाजता रावजीनं सगळ्यांना नाटेकरांच्या खोलीत जमवलं. माने घड्याळ बघत उभे होते. घाग खुर्चीवर. विमलाताई खिडकीशी. मथुराबाई आणि हौसा एकाच बाकावर, एकमेकींचा हात धरून. रघूला दोन हवालदारांमधे आणलेलं. तो फरशीच्या सांध्यांकडे बघत नव्हता.

"दहा मिनिटं, कीर," माने म्हणाले.

"पुरेत. गंग्या, बोटांची पेरं मोज. वीस जूनपासून जून किती दिवस?"

"वीस धरून? अकरा."

"जुलै, ऑगस्ट?"

"एकतीस नि एकतीस. त्र्याहत्तर झाले."

"आणि चार सप्टेंबरपर्यंत?"

"सत्त्याहत्तर."

"बाहेर बोर्डावरच्या वेळापत्रकात वसतिगृह चार सप्टेंबरला बंद झालंय, आणि खाली दिवस लिहिलेत अठ्ठ्याहत्तर. नाटेकर नवं वेळापत्रक करायला बसले, जुनं समोर घेतलं, आणि त्यांचा हिशेब जमेना. चिठ्ठीत तेच आहे. सहा वर्षांत पहिल्यांदा आपण चुकलो असं त्यांना वाटलं. वाटणारच. दुसरं कोणी आपल्या कागदाला हात लावेल हे त्यांच्या मनातच आलं नाही."

रावजीनं खिशातून एक कागद काढला. आमसुलांच्या रसानं लालभडक झालेला, पण अक्षरं वाचता येत होती.

"हा नाटेकरांनी गेल्या जूनमधे छापला तो. वहिनींच्या डब्यात राहिला. यात लिहिलंय, वसतिगृह बंद, पाच सप्टेंबर, दुपारी बारा. दिवस अठ्ठ्याहत्तर. म्हणजे चूक नव्हतीच. कोणी तरी नंतर तारीख बदलून कागद पुन्हा छापला, फाईलला आणि बोर्डावर लावला. बेरीज बदलायची राहिली. म्हणून तर बाकी नोटिसांवर पावसाळा दिसतो आणि याच्यावर नाही."

मान्यांनी तो कागद हातात घेतला.

"पाच सप्टेंबरला सकाळी सातला बांध पडला. खऱ्या कागदाप्रमाणं वसतिगृह तेव्हा उघडं होतं. लांबच्या गावच्या मुली सकाळच्या यष्टीनं जाणार होत्या. राही त्यातली. ती लपूनछपून राहिलेली नव्हती, विद्यापीठाच्या भरवशावर राहिली होती. मग बांधाची जबाबदारी कोणाची? एक दिवस अलीकडे सरकवला की कोणाची मान सुटते?"

घाग हसले. "माने, हा माणूस काय बोलतोय? मी वेळकोंडला होतो. तुम्ही खात्री केली आहे."

"केली आहे," माने म्हणाले, पण त्यांचा आवाज पहिल्यासारखा नव्हता.

"हवालदारानं काय विचारलं गावात?" रावजी म्हणाला. "'साहेब होमाला होते का?' होते. सातही माणसं खरं बोलली. पण होम कधी झाला हे कोणी विचारलं नाही. फौजदारसाहेब, तुमच्याकडे होळी म्हणजे पुनव. दुसरा दिवस तुमच्या मनातही येणार नाही. आमच्याकडे गावागणिक रीत वेगळी."

त्यानं दार लावलं. तक्ता उघडा पडला.

"वाच, गंग्या."

"तेरस," गंगाराम वाचायला लागला, आणि त्याचा आवाज जाड झाला. "आंबेकोंड, धामणवाडी, वेळकोंड."

"वेळकोंडचा होम पुनवेच्या दोन दिवस आधी झाला. काल आबा म्हणाले, होमापासून पाच दिवस पालखी फिरतेय. काल मांडवीच्या होमाला तीनच दिवस झाले होते. घागसाहेब तेरसेला नाचले ते खरं. पुनवेला पालखी त्यांच्या दारात गेली तेव्हा ते घरात नव्हते. आबांची तिथीची आठवण पक्की आहे, माने, तुम्ही आज विचारा."

"गेटमधून कोणी आलं नाही," घाग म्हणाले. कपाळावर घाम.

"गेटमधून कशाला? मागं खिंडार आहे. राहीवर पडलेल्या बांधाचं. खालच्या रस्त्यावरून वर यायला तुम्ही तीच वाट घेतलीत. चिठ्ठीत आहे, 'आज विचारणे'. विद्यापीठ बाराला बंद झालं. मग नाटेकर त्या दिवशी कोणाला विचारणार होते? जो येतो म्हणाला होता त्यालाच. वसतिगृहाच्या तारखांवर सही इमारत खात्याची." रावजी खिडकीकडे वळला. "विमलाताई, त्या दिवशी मी तुम्हाला घागांबद्दल काहीच विचारलं नव्हतं. तुम्ही आपण होऊन सांगितलंत, ते गावाला होते."

विमलाताईंनी काचेला कपाळ टेकलं. 

"चार सप्टेंबरची रात्र मी माझ्या बहिणीकडे काढली," त्या म्हणाल्या. "मुली वसतिगृहात असताना रेक्टरनं बाहेर राहायचं नसतं. या घागसाहेबांनी माझ्याकडून लिहून घेतलं की वसतिगृह बंद होतं. म्हणाले, नाही तर तुमची नोकरी जाईल. मी लिहून दिलं. पुनवेला पाचच्या सुमाराला खिंडारातून हे वर आले, ते खिडकीतून बघितलं मी. परत जाताना काखेत फाईल होती." मग अगदी हळू, "अबोली मी ठेवते."

घाग उठले, परत बसले.

"जूनमधेच कळवलं होतं मला की बांध फुगलाय," ते कोणाकडेच न बघता म्हणाले. "पावसाळ्यानंतर करू म्हटलं. पोरगी गेली ती काय परत येणार होती? त्याला किती समजावलं. एक दिवस राहू दे म्हटलं. काय बिघडतंय तुझं? तर म्हणाला, 'साहेब, चूक माझी असेल तर मी लिहून देतो, पण दिवस होता तो होता.' आणि मोजायला लागला परत. माझ्याकडे पाठ करून. पेरं मोजत होता."

मथुराबाईंच्या तोंडून एक आवाज निघाला. तो गंगारामला पुढं कितीतरी दिवस ऐकू येत राहिला.

मान्यांनी रघूच्या हातातल्या बेड्या स्वतः काढल्या.

*

कागदपत्रांची पूर्तता होऊन मान्यांनी टेबलावरचे कागद परत दिले तेव्हा आठवडा उलटला होता. नवं वेळापत्रक नाटेकरांच्या हातचंच छापायचं असं कुलसचिवांनी ठरवलं. दुसरं कोणी करायला धजत नव्हतं.

रघूनं मशीनला नवा दांडा लावला. रावजी आणि गंगाराम दारात उभे होते. मथुराबाईंनी बोलावलं होतं त्यांना, पहिली प्रत राहीच्या बापाकडे पोचवायची होती. चौकशी समितीपुढं तो म्हातारा उभा राहणार होता, आमसुलाचे डाग पडलेला कागद घेऊन.

रघू स्टेन्सिल बसवण्याआधी हस्तलिखित सरळ करत होता. शेवटच्या पानाचा कोपरा काळा पडून कडक झालेला. तो थांबला.

"दादा," तो म्हणाला, "इथं काय लिवलाय बघा. मला नीट दिसत नाय."

दिसत होतं त्याला. रावजीनं पान घेऊन वाचलं.

"'शिमग्याची सुटी: तेरसेपासून धुळवडीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. शिपाई वर्गासह सर्वांना. या काळात छपाईचे काम ठेवू नये.'"

खाली दिवस मोजून बेरीज लिहिलेली होती. गंगारामनं आपणहून पेरं मोजून बघितली. बरोबर होती.

रघूनं पान परत घेतलं, पुसल्यासारखा त्यावरून हात फिरवला, आणि दांडा धरला. पहिला कागद बाहेर आला तो त्यानं बघितला नाही. दुसराही नाही. तो नुसता फिरवत राहिला.